कबुली, माझ्याच शब्दांत

कोर्टाच्या टेबलावर माझ्या बाची टाकी ठेवली होती. टाकी म्हणजे दगडावरची छिन्नी. वीतभर लांब, टोकाशी घासून घासून पांढरी झालेली. शेजारी हातोडी. सरकारी वकिलानं ती टाकी रुमालात धरून उचलली. हात मळू नये म्हणून की आणखी कशासाठी, त्याचं त्याला ठाऊक. सगळ्या कोर्टाला दिसेल अशी वर धरली आणि म्हणाला, "घर फोडायचं हत्यार."

बा पिंजऱ्यात उभा होता. कमरेत वाकला आणि म्हणाला, "साहेब, त्यानं जातं टाचत्यात."

लोक हसले. दुसऱ्या दाव्यांना आलेले बाकांवरचे लोक हसले, दारातला पट्टेवाला हसला. मॅजिस्ट्रेटनं फक्त घड्याळ बघितलं. आणि खाली मान घालून लिहिणारा कारकून, तो मात्र हसला नाही. त्याला ठाऊक होतं. दोनच महिन्यांपूर्वी त्याच्या घरचं जातं बानं टाचलं होतं. मी बरोबर होते. ओसरीच्या खाली, उन्हात बसून आम्ही ते काम केलं आणि त्याच्या बायकोनं वरून माझ्या ओंजळीत गूळ टाकला, हात लागू न देता. त्या जात्याच्या पिठाची भाकरी खाऊन तो माणूस कोर्टात आला होता. आणि लिहीत होता, घरफोडीचे हत्यार, नग एक.

मी आणि माझी आय दाराशी जमिनीवर बसलो होतो. बाक रिकामा होता की. पण पट्टेवाल्यानं बोटानं जमीन दाखवली होती.

मला तेव्हा पंधरावं सरत आलं होतं. माझं नाव मी इथं लिहीत नाही. पुष्कळांनी ते लिहून घेतलंय, पुष्कळ रजिस्टरांत. तेवढं पुरे.

आम्ही टकारी. जात्याला टाकी लावणारे, म्हणून टकारी. दळून दळून जातं गुळगुळीत होतं बघा, मग दाणा नुसता सरकतो, पीठ होत नाही. तेव्हा बायका आमची वाट बघायच्या. माझा आजा मंगळवेढ्यापासून अक्कलकोटापर्यंत गावोगाव फिरायचा, गाढवावर संसार घालून. सरकारनं एक कायदा केला आणि त्यात काही जातींची नावं जन्मजात गुन्हेगार म्हणून घातली. त्यांत आमचं नाव. केमच्या टेशनाबाहेर आमची पालं पडली होती तिथून सगळ्यांना उचललं, गाडीत घातलं आणि सोलापूरला आणून तारेच्या कुंपणात ठेवलं. त्याला सेटलमेंट म्हणायचे. माझा जन्म त्या तारेच्या आतला.

आत काय होतं? खोल्या होत्या, शाळा होती, भजन होतं. आणि हजेरी होती. सकाळी हजेरी, संध्याकाळी हजेरी. बाहेर जायचं तर पास. पासावर लिहिलेलं असायचं, कुठं जाणार, किती वाजता परत येणार. आमच्यातले पुष्कळ जण मिलमध्ये जायचे. मीही जायची, सुताच्या कांड्या भरायला. मिलचा भोंगा झाला की सुटायचं आणि रांगेनं परत तारेच्या आत. शाळेत मला फार दिवस ठेवलं नाही. अक्षरं मी शिकले ती पासावरून. बाचा पास, आयचा पास, शेजारणीचा पास, दिसेल तो वाचायची. 'मजकुरास', 'परवानगी', 'गुन्हेगार' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी आले.

आणि सोळावं लागलं की माणूस रजिस्टरात जायचं. एका शिपायानं यायचं, पत्र्यावर काळी शाई पसरायची, दहाही बोटं एकेक करून तिच्यात घोळायची आणि कागदावर दाबायची. त्यापुढं तो माणूस सरकारी कागदावर गुन्हेगार. पुढच्या महिन्यात माझी पाळी होती. तिचं मला फारसं काही वाटतही नव्हतं, खरं सांगते. सगळ्यांची देतात, आपलीही द्यायची. न्हाण येतं तसं ते येतं, असं वाटायचं. त्या दिवशी कोर्टात जमिनीवर बसेपर्यंत.

बानं केलं काय होतं, ते सांगते.

पेठेत एका व्यापाऱ्याच्या घरी लगीन होतं. लिंगायत माणसं, घरात कानडी बोलणारी, पण आमच्याशी मराठीत नीट बोलायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जात्याची पूजा होऊन त्यावर नवरीची हळद दळायची होती. त्यासाठी त्या घरच्या अव्वांनी, म्हणजे थोरल्या बाईनं, बाला बोलावलं. पास संध्याकाळच्या भोंग्यापर्यंतचा होता. जात्याची खालची तळी टाचून झाली. वरची अर्धी झाली. आणि दिवस कलला.

अव्वांनीच त्याला सांगितलं. "नाळे मुगसप्पा," म्हणाल्या, "उद्या पुरं कर की. तुजी हजेरी हाय न्हवं?" चांगली बाई होती. तिनं अडवलं नाही.

पण आमच्यात अर्ध्या टाकीचं जातं सोडून उठत नाहीत. मग घर कुणाचंही असो, उठणारा टकारी नव्हे. अर्धी टाकी राहिली की ते जातं त्या घराला लागतं म्हणायचे, संसार अर्ध्यावर मोडतो. त्यात हे लगीनघर. बानं भोंगा ऐकला. तो स्वतःच म्हणाला मला, मी ऐकला. ऐकला आणि हातोडी चालूच ठेवली. वरची तळी पुरी केली, खालच्या तळीवर बसवली, मूठभर कण्या टाकून फिरवून बघितली, कच काढून टाकली आणि मग उठला. अव्वांनी नारळ दिला, पदराला पुसून. बा तारेच्या दाराशी आला तेव्हा अजून तांबडं फुटल्यासारखा उजेड होता पश्चिमेला. हजेरी होऊन गेली होती. दारातच त्याला धरलं. पिशवीत टाकी, हातोडी आणि नारळ. नारळ शिपायानं ठेवून घेतला. बाकीचं कोर्टात आलं.

तर कोर्टात हे सगळं बानं सांगितलं. अव्वा कोर्टात आल्या नव्हत्या. कोणत्या घरची बाई येईल? आणि आली असती तरी काही झालं नसतं, हे मला तासाभरानं कळलं.

बाजूच्या बाकावर एक म्हातारा वकील बसला होता. त्याचा दावा वेगळाच होता, शेताच्या बांधाचा. काळा कोट कोपरांवर विरलेला. तो उगाच उठला आणि मॅजिस्ट्रेटला म्हणाला, आज्ञा असेल तर एक विचारतो. या माणसानं कुणाचं घर फोडलं, असा आरोप आहे का? मॅजिस्ट्रेट म्हणाला, नाही. मग वकील म्हणाला, त्यानं कधी काही चोरलं, असा पुरावा आहे का? मॅजिस्ट्रेट म्हणाला, तो हजेरीला नव्हता आणि त्याच्याकडं हत्यार होतं, एवढं पुरे, कारण तो गुन्हेगार जमातीचा आहे. वकिलानं विचारलं, ती जमात गुन्हेगार कशावरून?

यावर मॅजिस्ट्रेट जे बोलला ते मी शब्दाला शब्द लक्षात ठेवलंय.

"सरकारनं तसं जाहीर केलेलं आहे. ते बरोबर की चूक, हे विचारायचा अधिकार या कोर्टाला नाही. कायद्यातच तसं लिहिलंय."

रागानं बोलला असता तर बरं होतं. तो माणूस दुष्ट नव्हता. आज ऊन फार आहे, अशा आवाजात बोलला. आणि बाला तीन महिने दिले. टाकी-हातोडी जप्त.

बाला घेऊन गेले. जाताना त्यानं मागं वळून आयला एकच विचारलं, त्यांची हळद नीट दळली गेली का, कुणी काही बोललं का. आय म्हणाली, न्हाई, मला ठावं न्हाई. लेकाच्याला दोरी लागलीय आणि विचारतोय हळदीचं. आयला त्याचा लई राग आला. घरी येईपर्यंत ती त्याला शिव्या देत होती. शिव्या देता देता रडत होती.

पण त्याआधी मी एक केलं. कोर्टाबाहेर लिंबाखाली तो म्हातारा वकील पानाला चुना लावत उभा होता. मी जाऊन त्याच्यापुढं उभी राहिले. आय मागून पदर ओढत होती. मी म्हणाले, वकीलसाहेब, कोर्टाला इचारता येत न्हाई तर कुणाला येतं? त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग समजावून सांगितलं, चांगलं बसून, जसं आपल्या नातीला सांगावं. म्हणाला, पोरी, हा कायदा करणाऱ्यांनी आधीच दार लावून घेतलंय. सरकारनं एकदा कागद काढला की तो खरा. खालच्या कोर्टानं विचारायचं नाही, वरच्या कोर्टानं विचारायचं नाही. मुंबईला गेलीस तरी हेच ऐकशील.

मी म्हणाले, "आन् आरोपीनं इचारलं तर?"

तो हसला. आरोपीला कोण विचारतंय, म्हणाला. मग पान दुमडून गालात घातलं. "एक आहे," म्हणाला. "आरोपीनं गुन्हा कबूल केला, तर ती कबुली होता होईल तो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी लागते. तोही कायदाच आहे. पण कबुलीत लोक हो म्हणतात आणि खाली बसतात."

एवढंच तो बोलला. मला काही कर म्हणून त्यानं सांगितलं नाही. नंतर लोक म्हणाले, वकिलानं पोरगी फूस लावून बिघडवली. साफ खोटं. बिघडले ती माझी मी.

त्यापुढचा महिना मी मिलमध्ये कांड्या भरत होते आणि मनात एक कबुली जुळवत होते. किती लांब करायची? फार लांब केली तर मधेच गप्प बस म्हणतील. फार आखूड केली तर नुसती हो होईल. गुन्हा तर खराच करायचा, हो तर म्हणायचंच, पण त्या होच्या पोटात माझा प्रश्न गेला पाहिजे, आणि कारकुनाला तो वेगळा काढता येता कामा नये. चात्यांचा आवाज एवढा की शेजारणीला काही ऐकू जायचं नाही. मी मोठ्यानं म्हणून बघायची. एकदा खोलीतही पुटपुटत होते तर आय म्हणाली, मंत्र म्हनतीस का काय? मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली, भाकरी थापत. मग म्हणाली, "बा तुरुंगात हाय. तू बी जा. मी हितं भिंतीसंगं बोलत बसते."

मी तिच्या हातातली भाकरी तव्यावर टाकली. तिला वाईट वाटायला नको होतं असं नाही. वाटणारच की. माझ्यामुळं तिचा पास बंद होणार, तिचं मिलमधलं काम जाणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही. आजही ते मनात डाचतं. पण दहा बोटं माझी होती.

सोळावं लागलं. शिपाई पत्रा घेऊन आला. आमच्या ओळीतल्या चार पोरी होत्या, मी तिसरी. पहिल्या दोघींनी बोटं दिली आणि काळे हात लुगड्याला न लागतील असे लांब धरून उभ्या राहिल्या. माझ्यापाशी आल्यावर मी मुठी आवळल्या. शिपायाला वाटलं मी भ्याले. म्हणाला, दुखत नाही गं. मी म्हणाले, मी देत न्हाई. मुकादम आला, सेटलमेंटचा साहेब आला. साहेबानं समजूत घातली, मग आवाज चढवला. मुकादमानं माझा दंड पिरगळला. साहेबानंच त्याला थांबवलं. म्हणाला, जबरदस्ती कशाला, कायदा आहे, कोर्टात पाठवा हिला.

तेच मला पाहिजे होतं.

तेच कोर्ट. तोच मॅजिस्ट्रेट, तोच कारकून. या खेपेला जमिनीवर नव्हते, पिंजऱ्यात होते. उभं राहिल्यावर सगळ्यांच्या वर दिसते की मी, असं वाटलं. तो म्हातारा वकीलही आला होता, कोपऱ्यात उभा होता.

मॅजिस्ट्रेटनं विचारलं, गुन्हा कबूल आहे का? बोटांचे ठसे द्यायला नकार दिलास?

कोर्टानं मला काहीतरी विचारलं होतं. आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं होतं, तू काय केलंस. काय आहेस हे सगळेच सांगत आलेले.

मी म्हणाले, "व्हय, कबूल हाय. मी बोटं दिली न्हाईत. कारन मी आयच्या पोटात हुते तवाच सरकारनं मला चोरात घातलं. जन्माच्या आदी मी कुनाचं काय चोरलं, ते सरकारनं दाखवावं. दाखवलं की देते."

कारकुनानं लिहिलं आणि लेखणी खाली ठेवली. इतक्या लवकर? मी वाकून बघितलं. कागद माझ्याकडून उलटा होता, पण पासावरची अक्षरं मी कितीदा तरी शिपायाच्या हातात उलटी वाचलेली. एकच ओळ होती. 'आरोपीस गुन्हा मान्य आहे.'

मी म्हणाले, साहेब, हे मी बोलले न्हाई. ह्यांनी त्यांचं लिवलंय. माजं लिवा.

कारकुनानं मान वर केली. त्या दिवशी बाच्याकडं बघायला वर झाली नव्हती ती मान. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, तुला वाचता येतं? मी म्हणाले, सरकारच्याच पासावर शिकले. कुणीतरी हसलं, पण या खेपेला ते हसू कुणावर होतं ते नीटसं कळेना. मॅजिस्ट्रेट वकिलाकडं बघत राहिला. वकील छताकडं बघत राहिला. पंख्याची दोरी ओढणारा माणूस दोरी ओढायचा थांबला होता, त्याला पट्टेवाल्यानं हटकलं. मग मॅजिस्ट्रेट कारकुनाला म्हणाला, "ती बोलते तसं लिहा."

मी परत बोलले. सावकाश, एकेक शब्द. कारकून लिहीत गेला. 'पोटात' लिहिलं त्यानं. 'चोरात' लिहिलं. मी वाचून घेतलं, अडखळत, बोट ठेवून. सगळं होतं.

मॅजिस्ट्रेटनं माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. त्याला देता येत नव्हतं. एक महिना सक्तमजुरी दिली.

तुम्हाला वाटेल, पोरगी जिंकली. थांबा. तुरुंगात पहिल्याच दिवशी ठसे घेतले. कैदी झाल्यावर घेतातच, तिथं विचारायचं कुणी? दोन वॉर्डरणी होत्या. एकीनं मनगट धरलं, दुसरीनं एकेक बोट मुठीतून सोडवलं. करंगळीचं हाड सरकलं ते सरकलंच, अजून पावसाळी हवेत ठणकतं. दहाच्या दहा घेतली. मी सुटून आले तेव्हा साहेबानं तोच कागद आपल्या रजिस्टरात लावलेला होता. म्हणाला, काय मिळवलंस?

आयचं काम गेलं होतं. पुढं बा तीन महिने भरून सुटला, त्याला मिलच्या बॉयलरच्या कोळशावर घातलं. त्यानं त्यानंतर एकही जातं टाचलं नाही. मला शाबासकी त्यानं दिली नाही, रागावलाही नाही. सुटून आल्याच्या तिसऱ्या दिवशी भाकरी खाता खाता म्हणाला, "मला कुनी सांगितलंच न्हाई, आपल्या शब्दात बोलता येतं म्हून. मी नुसताच वाकलो."

हे वाक्य मला त्या करंगळीपेक्षा जास्त दुखलं.

मग ओळीतल्या बायका यायला लागल्या. पाण्याच्या नळाशी, मिलच्या वाटेवर. कशी बोललीस गं? काय बोललीस? मी शिकवलं. जिच्यावर खटला झाला तिला शिकवलं. हो म्हण, पण तुझ्या शब्दांत म्हण, आणि लिहिलंय ते वाचून दाखवा म्हण. तुला वाचता येत नाही हे त्याला कळू देऊ नकोस. काही जणी बोलल्या. काही जणी पिंजऱ्यात गेल्यावर विसरल्या आणि वाकल्या. सुटलं कुणीच नाही. पण त्या कोर्टाच्या कागदांत कुठंतरी आमचे प्रश्न पडून आहेत, एकाखाली एक, सरकारी शिक्क्यासकट. वाळवीनं खाल्ले असतील तर माहीत नाही.

पुढं तो कायदा गेला. तारा काढल्या. देशाला घटना आली. म्हणतात, आता सरकारच्या कागदाला कोर्ट विचारू शकतं, बरोबर की चूक. चांगलं आहे. विचारावं की मग.

पण अजून वस्तीच्या आसपास कुठं चोरी झाली की पोलीस पहिले आमच्या दाराशी येतात. आडनाव विचारतात, आणि आडनावानं त्यांचं भागतं. मागच्याच महिन्यात आला होता एक. माझ्या नातवाच्या वयाचा, बोलायला गोड. म्हणाला, आजी, नुसती चौकशी आहे, नातवाला जरा चौकीवर पाठवा, सगळ्यांचीच करतोय. मी विचारलं, सगळ्यांची म्हंजी कुनाची? त्या पलीकडच्या बंगल्यांची बी? त्यानं परत आडनाव विचारलं.

मी उंबऱ्यावर बसले, दोन्ही हात चौकटीला लावून. म्हातारीला उचलून बाजूला ठेवायला त्याला शरम वाटली असेल. पुढच्याला वाटेलच असं नाही. तरी बसणार. त्याला जे सांगितलं तेच येईल त्याला सांगणार, मी आहे तोवर, आणि माझ्या सुनांकडून ते पाठ करून घेतलंय मी नसेन तेव्हासाठी.

पोरानं काय केलं ते सांग. कुठं केलं, कधी केलं, कुणी बघितलं ते सांग. कागदावर लिहून, खाली तुझी सही करून सांग. मग मी उठते. जात सांगायला आला असशील, तर ती आम्हाला माहीत आहे. माघारी फिर.